सतरा फुटी शेवट

जगाचा शेवट मी रंगवला आहे. सतरा फूट लांब, साडेचार फूट उंच, मांजरपाटाच्या कोऱ्या कापडावर, नऊ दिवसांत. आता तुम्ही म्हणाल, झालं, म्हातारा सुटला. म्हणा बापडे. मी एकदा भिंतीवर नळ रंगवला तर बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, असं मी आयुष्यभर सांगत आलो. खरं म्हणजे रांग नव्हती, एकच बाई होती आणि ती चष्मा घरी विसरली होती. गल्लीत मला तोंडावर पेंटर म्हणतात आणि पाठीमागे थापाड्या. दोन्ही बरोबर आहे. पण ही गोष्ट सांगायला बसलो की माझी जीभ कोरडी पडते, आणि थापेने जीभ कधी कोरडी पडत नाही, उलट तिला पाणी सुटतं.

तीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये एक मोजणीमास्तर होते. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य साखळी, टेप आणि नकाशात गेलेलं. दर बुधवारी संध्याकाळी मागच्या हॉलमध्ये ते शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा वर्ग घ्यायचे. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, समुद्रातून वर येणारं श्वापद, आणि शेवटचा कर्णा वाजला की विश्वासणाऱ्यांना एका क्षणात वर उचललं जाणं. दोघं एका पलंगावर निजलेली असतील, एक जाईल आणि दुसऱ्याला उबदार चादर तेवढी सापडेल. हे मंडळींना तोंडी सांगून डोक्यात बसेना. तेव्हा मास्तर माझ्या दुकानात आले.

“पेंटर, मला काळाचा नकाशा हवाय. जमिनीचा करतात तसा. मापात.”

पाळकांनी एकच अट घातली होती. कापडावर एकही साल, एकही तारीख दिसता कामा नये. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं शास्त्रच सांगतं, आणि आमच्या मंडळीत तारीख सांगणाऱ्याला सरळ घरी बसवतात. मास्तर म्हणाले, “तारीख घालत नाही. नुसती अंतरं घालतो.” पाळकांना ते चाललं. त्यांचं गणित कच्चं असावं.

डाव्या टोकाला मी वधस्तंभ काढला, उजव्या टोकाला शेवटचा कर्णा फुंकणारा देवदूत, आणि त्याच्या पायाशी वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे शेवट. किती इंचाला किती वर्षं, हे मास्तरांनी कोणालाच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तू रेघ सरळ ओढ.” मी ओढली. कंटाळा आला म्हणून एका देवदूताला आमच्या हिचं नाक दिलं, आणि श्वापदाच्या सात डोक्यांपैकी एक आमच्या घरमालकाचं काढलं. गोल गरगरीत टक्कल, कंपास लावून. घरमालक पुढे त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागला, पण त्याने स्वतःला कधी ओळखलं नाही. माणूस श्वापदात शेजाऱ्याचंच तोंड शोधतो.

मास्तर गेल्या वर्षाच्या अखेरीला गेले आणि वर्ग त्यांच्या मुलीकडे आला. लग्न केलेलं नाही, छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, साठी ओलांडलेली, चालणं छडीसारखं ताठ. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. वर्ग हाती घेताच त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तीस वर्षांची काजळी आणि कबुतरांची कृपा झेललेला तो नकाशा काढून घरी नेला, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवला, हलक्या हाताने धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि पुन्हा टांगला. वडिलांच्या डायरीत त्यांना एकच ओळ सापडली होती. एक इंच, दहा वर्षं.

पहिल्या बुधवारी काय झालं ते मला माझ्या धाकटीने पुढे खूप दिवसांनी सांगितलं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी मुलगी. जावई जहाजावर नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यात. तो बोटीवर चढला की ती माझ्याकडे राहायला यायची. आमची ही जाऊन सहा वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. पोर मूळची भित्री, आणि त्यात माझाही हात आहे. लहान असताना मी तिला सांगितलं होतं की गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक म्हातारा राहतो आणि कोण किती पाणी सांडतं ते लिहून ठेवतो. आठ वर्षांची होईपर्यंत ती चूळ भरलेलं पाणी गिळायची. मी हसायचो. आता हसू येत नाही.

तर त्या बुधवारी बाईंनी वडिलांचा पोलादी टेप वधस्तंभाला टेकवला आणि नकाशाच्या कडेकडेने चालायला सुरुवात केली. टेप कुईं कुईं करत उलगडत होता, तीस माणसं माना वळवून बघत होती. काळ्या रेघेपाशी बाई थांबल्या. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, “दोनशे इंच,” मग डायरीतली ओळ वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. हिशेब त्यांच्याही ध्यानात तेव्हाच आला होता. त्यांनी तारीख सांगितली नाही. पाळकांची अट त्यांनी अक्षरशः पाळली.

“घरी जाऊन ज्याचा त्याने गुणाकार करावा,” एवढं म्हणाल्या आणि प्रार्थना करून वर्ग सोडला.

लोकांनी गुणाकार केला. एकाने दिवा मोठा करून केला, एकाने बायकोकडून तपासून घेतला. उत्तर सगळ्यांचं एकच आलं. वधस्तंभापासून दोन हजार वर्षं, म्हणजे हेच वर्ष. शिवाय माझी काळी रेघ दोन मिलिमीटर जाड होती, आणि एक इंच दहा वर्षं धरली तर दोन मिलिमीटर म्हणजे साडेनऊ महिने. रेघेचा डावा काठ वर्षाच्या सुरुवातीला येत होता, उजवा काठ ऑक्टोबरात. तेव्हापासून वर्गात कोणी बोलताना वर्ष-महिना म्हणेना. “आपण रेघेत आहोत,” असं म्हणत. माझ्या ब्रशच्या फटकाऱ्यात तीस माणसं अडकून बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

दर बुधवारी प्रत्येकाने वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणायचं, ही बाईंची पद्धत. लढाई, भूकंप, रोगराई, मेलेले मासे. ती कात्रणं नकाशाखाली टाचणीने लावायची. पहिल्या महिन्यात एक ओळ, मग दोन, मग जमिनीपर्यंत. शिंप्याने आपलं शिलाई मशीन मेहुण्याला देऊन टाकलं. एका जोडप्याने घराचं छप्पर घालणं थांबवलं, भिंती तशाच उघड्या. घरमालकाने डायबिटीसच्या गोळ्या सोडल्या. आणि माझ्या धाकटीला दिवस गेले होते. रेघ सुरू झाली त्याच महिन्यात.

ती मला काही सांगायची नाही. मी थट्टा करतो म्हणून. मला कळलं ते एका सकाळी.

ती आंघोळीला गेली होती. मी चहाचं आधण ठेवलं, पेपर उघडला, चष्मा त्यावर ठेवला, आणि पाहतो तर साखर संपलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला दोन मिनिटं लागतात. चपला तुटल्या होत्या म्हणून अनवाणीच गेलो. परत येतो तो जिन्यातच किंकाळी ऐकू आली. पोर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली, केस ओले, पोट दोन्ही हातांनी धरलेलं, समोर आधण उतू जात होतं. 

“अगं, काय झालं?”

ती म्हणाली, “चष्मा इथे, चपला इथे, गॅस चालू. मला वाटलं, तुम्हालासुद्धा नेलं. तुम्हालासुद्धा, बाबा! आणि मला ठेवलं.”

एरवी मी यावर चार दिवस पुरेल एवढा विनोद केला असता. माझ्यासारख्या थापाड्याची वर भरती होते आणि ही सोन्यासारखी पोर मागे राहते! पण तिचे दात वाजत होते. मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसलो. तेव्हा तिने मला रेघेचं सगळं सांगितलं.

नववा लागला आणि शनिवारी आम्ही हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई बुटक्या, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. त्यांनी तपासलं आणि खुर्ची पुढे ओढली. मूल आडवं होतं आणि वार खाली सरकून वाटेवर आली होती. कळा सुरू झाल्या तर रक्ताचा नळ सुटेल, मग आई नाही आणि मूलही नाही. गुरुवारी सकाळी पोट उघडून मूल काढायचं ठरलं.

“कमरेत सुई देऊन जागेपणी करता येतं बऱ्याचजणींचं,” त्या म्हणाल्या, “पण हिच्या पाठीत लहानपणच्या ऑपरेशनच्या सळ्या आहेत. पूर्ण गुंगी द्यावी लागेल.”

“किती वेळ?” धाकटीने विचारलं.

“तास, सव्वा तास. तुला काही कळणार नाही.”

ती उठली, पिशवी उचलली आणि चालायलाच लागली. मी मागून धावलो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. घर आलं तेव्हा बोलली.

“आपण रेघेच्या शेवटच्या टोकाला आहोत, बाबा. मी गुंगीत असताना कर्णा वाजला तर? मला ऐकूच येणार नाही. बाळाला नेतील, ते निष्पाप आहे. मी त्या टेबलावर फाटलेलं पोट घेऊन जागी होईन आणि आसपास कोणी नसेल. डॉक्टर नाही, नर्स नाही. बाळ नाही.”

“असं होणार नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

मला खरंच काही माहीत नव्हतं. आणि त्या क्षणी तिने सांगितलेलं ते टेबल मलाही दिसलं. चित्रं दिसणं हा माझा धंदाच.

दुसऱ्या दिवशी रविवारची उपासना संपून लोक पांगल्यावर मी मागच्या हॉलमध्ये गेलो. तीस वर्षांनी. दुपारचं ऊन तिरकं येत होतं, खाली कात्रणांचा पिवळा ढिगारा, आणि वर माझा नकाशा, धुतल्यामुळे काल काढल्यासारखा लख्ख. खरं सांगतो, मी घाबरलो. ते देवदूत मीच काढले होते, त्यातल्या एकाचं नाक तर मी वर्षानुवर्षं रोज पाहिलं होतं, तरी ते माझ्याकडे ओळख नसल्यासारखे बघत होते. माणसाने भूत काढावं आणि त्या भुतानेच त्याला दार उघडायला लावावं, तसं वाटलं. मी धीर यावा म्हणून घरमालकाचं टक्कल शोधलं.

टक्कल गोल नव्हतं.

उभट झालं होतं, अंड्यासारखं. मी चष्मा पुसला. कंपासने काढलेलं वर्तुळ कधी अंडं होत नाही. मग वाट्या पाहिल्या, त्याही तशाच. देवदूत सगळे अंगाने बारीक झालेले. आणि धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते मला आठवलं : कोरा मांजरपाट आधी पाण्यात भिजवायचा, आटू द्यायचा, वाळवायचा आणि मग रंगाला घ्यायचा. मास्तरांना घाई होती, मला त्याहून. मी म्हटलं होतं, जगाचा शेवट कोण धुवायला बसलंय?

बाई आत आल्या ते माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या खुर्च्या लावायला आल्या होत्या.

“पेंटरकाका, तुम्ही इथे?”

“बाई, हे कापड आटलंय.”

“म्हणजे?”

“तुम्ही धुतलंत ना, तेव्हा आटलं. मी ते आधी भिजवलं नव्हतं. चूक माझी आहे. हा नकाशा सतरा फूट होता. मास्तरांनी स्वतः माझ्यासमोर मोजून घेतला होता.”

त्या माझ्याकडे, लोक थापाड्याकडे बघतात तशा बघत राहिल्या. मी भिंतीजवळ गेलो. उजव्या बाजूचा खिळा नवा, चकचकीत. त्याच्या पलीकडे चार बोटांवर चुन्याने बुजवलेलं एक भोक.

“हे कोणी बुजवलं?”

“मीच. धुतल्यावर कडी जुन्या खिळ्यापर्यंत पोचेना, म्हणून...” पुढे त्या बोलल्या नाहीत. टेप काढून त्यांनी माझ्या हातात टोक दिलं. कापड भरलं दोनशे इंच. मग त्यांनी जुन्या भोकापर्यंत मोजलं. दोनशे चार.

चार इंच. चाळीस वर्षं.

मला वाटलं त्या हसतील, रडतील, देवाचे आभार मानतील. त्या लहान मुलांच्या खुर्चीत मटकन बसल्या, गुडघे हनुवटीपर्यंत आले.

“मी मुलींना शिकवायचे, काका. नकाशावरचं माप घेण्याआधी नकाशा कशावर काढलाय ते बघा. छत्तीस वर्षं शिकवलं.” त्यांनी कात्रणांकडे पाहिलं. “शिंप्याचं मशीन गेलं.”

“माझ्या धाकटीला सांगा, बाई. गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे.”

“बुधवारी सगळ्यांसमोर सांगेन. घाबरवलं सगळ्यांसमोर, तर चुकीची कबुलीही तिथेच द्यायला हवी.”

मी घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “बाबा, त्या नळाच्या रांगेत बायका किती होत्या हो?”

बुधवारी मीही वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. बाईंनी टेप जुन्या भोकाला टेकवून दाखवला आणि सरळ सांगितलं की कापड आटलं होतं, गुणाकार चुकला, दोष त्यांचा.  मग शिंपी उठला.

“म्हणजे अजून चाळीस वर्षं?” जन्मठेप ऐकावी तसं त्याने विचारलं. “मग मी उद्यापासून शिवू कशावर?”

कोणी हसलं नाही. घरमालक घसा खाकरून म्हणाला, “बाई, कापड आटलं ही देवाचीच इच्छा नसेल कशावरून? मास्तरांच्या हातून चूक झाली असेल आणि पाण्याने ती दुरुस्त केली असेल.” दोन-चार माना डोलल्या. मला त्याचं ते अंड्यासारखं डोकं फोडावंसं वाटलं.

आणि मग माझी धाकटी उभी राहिली. एक हात बाकावर, एक पोटाखाली. आवाज अगदी हळू.

“बाई, पाचव्या धड्यात तुम्ही आम्हाला शिकवलंत. अगदी शेवटी शिकवणारेच डगमगतील आणि म्हणतील, अजून वेळ आहे. तेव्हा समजा, की वेळ उरलेला नाही.”

 असं त्यांनी खरंच शिकवलं होतं. आपल्याच हाताने लावलेलं कुलूप, आतून. वर्ग सुटला तेव्हा लोक आधीपेक्षा जास्त घाबरलेले होते, आणि मीही.

गुरुवारी सकाळी सातला मला धाकटीची हाक आली. चादरीवर तळहाताएवढा लाल डाग होता. मी शेजारच्या टॅक्सीवाल्याला उठवलं. वाटेत ती दर सिग्नलला आकाशाकडे बघायची. मीही बघत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. “सही कर. वेळ घालवू नकोस.”

धाकटीने पेन घेतलं आणि धरूनच बसली. “मला जागी ठेवून कापा. मी ओरडणार नाही.”

“वेडी आहेस का? बाबा, समजवा हिला. हे रक्त थांबणारं नाही.”

मी काय समजावू! मी हात जोडले, रागावलो, तिच्या आईची शपथ घातली. ती नुसती मान हलवत होती आणि तिचा चेहरा कागदासारखा होत चालला होता. तेवढ्यात दारातून बाई आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ऑपरेशनचा गुरुवार त्यांच्या ध्यानात होता. त्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

“बाई,” धाकटी म्हणाली, “समजा तुमचे चार इंच खरे. तरी आज कर्णा वाजणार नाही, असं लिहून द्याल?”

मी असतो तर स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं असतं, साक्षीदारांसकट. मी बाईंना डोळ्यांनी खुणावत होतो, द्या हो, द्या लिहून. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. आज असू शकतो.”

 ही बाई माझ्या पोरीला मारणार, खरं बोलून मारणार, असं मला वाटलं.

बाई खाली वाकल्या. “पण तो वाजला तर मी जाणार नाही. त्या दाराबाहेर बसून राहीन. तू शुद्धीवर येईपर्यंत.”

“तुम्हाला वर बोलावलं तरी?”

“बोलावलं तरी.”

“नाव घेऊन?”

बाईंचे ओठ पांढरे पडले. तुम्हाआम्हाला हे नुसतं बोलणं वाटेल. पण ही बाई सहा वर्षांची असल्यापासून त्या एका हाकेची वाट बघत होती. संसार केला नाही, घर केलं नाही, सगळी पुंजी त्या एका क्षणावर लावलेली.

“नाव घेऊन,” त्या म्हणाल्या.

धाकटीने सही केली. अक्षर वाकडं आलं. तिला आत नेलं आणि ते दोन फळ्यांचं दार बंद झालं.

बाहेर लाकडी बाक, भिंतीवर घड्याळ, टोकाला एक मोठी खिडकी. आम्ही बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एक वॉर्डबॉय गाडी ढकलत आला. आणि तेव्हा तो आवाज झाला.

आता तुम्हाला ठरवायचं ते ठरवा. मी नंतर चौकशी केली. एकजण म्हणाला बंदरात जहाजाने भोंगा दिला, दुसरा म्हणाला गच्चीवर आगीच्या घंटेची तपासणी होती, तिसऱ्याने तर काही ऐकलंच नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की तो लांब होता, पितळी होता, आणि खिडकीच्या काचा त्याने थरथरल्या. वॉर्डबॉय गाडीसकट थबकला. माझ्या डोक्यात एकच विचार, पोर आत गुंगीत आहे. मी थापाड्या, कशावर विश्वास न ठेवणारा, मीही वर छताकडे बघितलं.

बाई उठल्या. त्यांचं तोंड खिडकीकडे वळलं आणि त्यावर असा उजेड आला की मी तसा कधी रंगवू शकलो नाही. त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. चवड्यांवर उभं राहिलं की टाचा उचलतातच, म्हणाल. मी तिथे होतो, तुम्ही नव्हता. मग त्यांनी वळून त्या दाराची आडवी पोलादी दांडी दोन्ही हातांनी धरली, पुरात माणूस झाडाचं खोड धरतो तशी, कपाळ दाराला टेकवलं, डोळे गच्च मिटले. ओठ हलत होते. मी कान लावला. त्या प्रार्थना करत नव्हत्या. “नाही,” म्हणत होत्या. “आत्ता नाही. नाही.” मी त्यांची बाही घट्ट पकडली. त्यांना थांबवायला की त्यांच्याबरोबर जायला, ते मला अजून कळलेलं नाही.

आवाज थांबला. घड्याळ चालू होतं. वॉर्डबॉय गाडी ढकलत निघून गेला, म्हणजे तोही तिथेच होता. बाईंनी दांडी सोडली नाही. किती वेळ, कोण जाणे. मग दाराआडून एक चिरका, रागावलेला, ओला आवाज आला, आणि मी खाली बसलो तो बाकावर नाही, जमिनीवरच.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कपाळाला घाम. “मुलगी आहे. आईचं रक्त फार गेलं. पण राहिली आहे.”

धाकटीला शुद्ध आली तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. बाई खाटेच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. बाईंच्या दोन्ही तळव्यांवर दांडीचा आडवा, जांभळा वळ उठला होता. पाळण्यात नात झोपली होती, मुठी आवळून. धाकटीचे डोळे आधी छताकडे गेले, मग रिकाम्या दाराकडे, मग घाबरेघुबरे इकडेतिकडे.

“वाजला?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. सत्तर वर्षांच्या थापा माझ्या पोटात तयार होत्या आणि त्यातली एकही वर येईना.

“वाजला,” बाई म्हणाल्या. “मी इथेच आहे.”

धाकटीने त्यांच्या तळव्यांवरचा वळ पाहिला. मग तिने चादरीखालून हात काढला आणि पाळण्याकडे बोट केलं.

“मग तिला द्या इकडे,” ती म्हणाली. “थंडी लागेल तिला.”